जास्त मतं मिळूनही उमेदवार हरतो, मग थेट मतदान का नको? अमेरिकेच्या अध्यक्षपदाबद्दल सविस्तर

तुम्ही विचारलंय की २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडली तरी अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प, मग हे इलेक्टोरल कॉलेज (लोक थेट नाही, तर राज्याराज्यातले इलेक्टर अध्यक्ष निवडतात ती पद्धत) अमेरिकेने अजून ठेवलंय कशाला, सरळ ज्याला जास्त मतं तो अध्यक्ष असं का करत नाहीत. आणि न्यू जर्सीत राहणारे तुमचे मामा म्हणतात की मी मत दिलं काय नि नाही दिलं काय, इथे काही फरक पडत नाही, ते कितपत खरं आहे. मी आधी न्यू जर्सीत राहायचे, नंतर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आले, आणि इथे बरीच वर्षं निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते, त्यामुळे दोन्हीकडची निवडणूक जवळून बघितलीय. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझं मत आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना मी कुठल्या बाजूने बोलतेय ते कळेल. थेट मतदान हवं. पण नुसतं इलेक्टोरल कॉलेज काढा एवढं म्हणून भागत नाही, त्याच्या जागी नेमकं काय आणायचं यावर सगळं अवलंबून आहे आणि बहुतेक वाद तिथपर्यंत पोचतच नाहीत.

आधी हिशोब बघू. एकूण ५३८ इलेक्टर असतात. प्रत्येक राज्याला हाउसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, त्याच्या सदस्यांइतके (सगळे मिळून ४३५) अधिक वरच्या सभागृहाचे, सेनेटचे, दोन (५० राज्यांचे १००), आणि वॉशिंग्टन डीसीला तीन, तेही १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीनंतर. जिंकायला २७० लागतात. आता यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची एकच मोट बांधतात. पहिली म्हणजे प्रत्येक राज्याला सरसकट मिळणारे ते दोन जादा इलेक्टर, त्यामुळे छोट्या राज्याचं वजन वाढतं. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि इलेक्टर ३, कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी आणि इलेक्टर ५४, म्हणजे एका इलेक्टरमागे तिकडे दोन लाखांहून कमी माणसं आणि इकडे सात लाखांवर. दुसरी गोष्ट म्हणजे राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी त्या राज्याचे सगळे इलेक्टर तुमचे, याला इथे विनर-टेक-ऑल म्हणतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडून सगळीकडे हेच आहे.

तर यातला खरा दोषी कोण? बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतात, छोटी राज्यं, वायोमिंग वगैरे. पण जरा आकडेमोड करून बघा. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी ३० राज्यं जिंकली आणि त्यांच्या खात्यात ३०६ इलेक्टर आले, क्लिंटन यांना २० राज्यं आणि डीसी मिळून २३२ (प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी काही इलेक्टर फुटले म्हणून अधिकृत आकडा ३०४ आणि २२७ असा दिसतो). आता सगळ्यांचे ते दोन-दोन जादा इलेक्टर काढून टाका. ट्रम्प २४६, क्लिंटन १९०. तरीही ट्रम्पच. म्हणजे २०१६ चा निकाल उलटा लागला तो विनर-टेक-ऑलमुळे, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि आमचं पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजारांची आघाडी होती आणि तेवढ्यावर ४६ इलेक्टर गेले. २००० साली मात्र हाच हिशोब केला तर जिंकलेले बुश २११ आणि हरलेले गोर २२५ येतात, म्हणजे तेव्हा ते जादा दोन खरंच निर्णायक ठरले, शिवाय फ्लोरिडातली बुश यांची ५३७ मतांची आघाडी होतीच. म्हणून मी म्हणते की दोन्ही दोष खरे आहेत, पण दर चार वर्षांनी जो सगळ्यांना भोगावा लागतो तो विनर-टेक-ऑलचा.

आणि हे विनर-टेक-ऑल घटनेत कुठेच लिहिलेलं नाही, ही गोष्ट इथल्या लोकांनाही माहीत नसते. घटनेत एवढंच म्हटलंय की इलेक्टर कसे नेमायचे ते त्या त्या राज्याचं विधिमंडळ ठरवेल. सुरुवातीला काही राज्यांत विधिमंडळच इलेक्टर निवडायचं, काही ठिकाणी जिल्हावार निवड व्हायची. मग १८०० मध्ये व्हर्जिनियाने जेफरसनला सगळीच्या सगळी मतं मिळावीत म्हणून जिल्हावार पद्धत सोडली. एकाने असं केलं की दुसऱ्याला करणं भागच पडतं, नाहीतर आपली मतं विभागून जाणार आणि समोरच्याची एकगठ्ठा राहणार. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सगळी राज्यं या रांगेत आली होती. तेव्हा घटनाकारांनी फार खोल विचार करून ही रचना केली असं कोणी सांगितलं तर निदान या भागापुरतं ते खरं नाही, ही पक्षांनी एकमेकांच्या चढाओढीत ओढवून घेतलेली पद्धत आहे.

मग १७८७ ला फिलाडेल्फियात घटनाकारांच्या मनात होतं तरी काय? तिथे पेनसिल्व्हेनियाचेच जेम्स विल्सन थेट निवडणुकीच्या बाजूने बोलले होते, हे मला इथे राहत असल्यामुळे जरा अभिमानाने सांगावंसं वाटतं. दुसरे म्हणत होते काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, निवडावा. काँग्रेसने निवडला तर अध्यक्ष तिच्या ताटाखालचं मांजर होणार ही भीती, आणि थेट निवडला तर अडचण काय, ती मॅडिसन यांनी तिथेच बोलून दाखवली: उत्तरेत मताधिकार जास्त पसरलेला आहे, दक्षिणेत लोकसंख्येचा मोठा भाग गुलामांचा, त्यांना मत नाही, म्हणजे थेट मोजणीत दक्षिण मागे पडणार. इलेक्टर पद्धतीत मात्र गुलामांची तीन-पंचमांश गणती राज्याच्या जागांमध्ये धरली जायची, म्हणजे माणसाला मत न देता त्याचं वजन मालकाच्या राज्याला. सगळा इतिहास एवढ्या एका कारणावर टेकलेला नाही, अंतरं मोठी होती, उमेदवार परक्या राज्यातल्या लोकांना माहीत नसायचे, हॅमिल्टनला जाणत्या लोकांनी शांतपणे विचार करून निवड करावी असं वाटत होतं. पण गुलामगिरीचा धागा काढून टाकून ही कथा सांगितली तर ती अर्धीच राहते.

आणि त्या धाग्याचं पुढे काय झालं तेही बघा, कारण माझ्या मते या पद्धतीविरुद्धचा सगळ्यात गंभीर मुद्दा हाच आहे. राज्याचे इलेक्टर ठरतात लोकसंख्येवर, मतदान किती झालं यावर नाही. म्हणजे एखाद्या राज्याने आपल्या निम्म्या लोकांना मतदानापासून दूर ठेवलं तरी त्याचं वजन तिळभरही कमी होत नाही. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत कृष्णवर्णीय लोक पूर्ण मोजले जायला लागले पण कित्येक दशकं त्यांना मत देऊ दिलं नाही, आणि ते इलेक्टर कोणाच्या कामी आले ते सांगायला नको. थेट मोजणी असेल तर केंद्रावर आलेला प्रत्येक जादा माणूस एकूण आकड्यात भर घालतो, लोकांना घरी बसवून ठेवणाऱ्या राज्याचाच आवाज लहान होतो. मतदान केंद्रावर काम करणारीला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

हॅमिल्टनच्या त्या जाणत्या इलेक्टरांची कल्पना तर केव्हाच संपलीय. आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात इलेक्टरांची नावं पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार स्वतःच देतो, मतपत्रिकेवर ती नावं नसतातही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चियाफालो खटल्यात सांगितलं की राज्य इलेक्टरला दिलेल्या शब्दाला बांधून ठेवू शकतं. मग स्वतंत्र विचार करणारे इलेक्टर उरले कुठे.

इथे मराठी वाचकांसाठी एक गल्लत दूर करते. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही निर्वाचकगणाकडून होते, पण ती वेगळी आहे. तिथे खासदार-आमदार मत देतात, आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं, महाराष्ट्रातल्या आमदाराचं १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात वजन हाच तिथला हेतू आहे. संविधान सभेत के. टी. शहा यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी दुरुस्ती सुचवली होती, ती फेटाळली गेली, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण आपल्याकडे खरा कारभार पंतप्रधानांकडे, मग नव्वद कोटींहून जास्त मतदारांकडून थेट निवडून आलेला राष्ट्रपती गप्प का बसेल, दोन सत्ताकेंद्रं तयार झाली असती. अमेरिकेत अध्यक्ष हाच कारभारी आहे, सैन्य त्याच्या हातात, व्हेटो त्याच्या हातात. म्हणून दोन्हीकडे एकच उत्तर लागू करता येत नाही.

तुम्ही म्हणाल की भारतातही जास्त मतं मिळवणारा पक्ष हरतो की. हो, मध्य प्रदेशात २०१८ ला भाजपला ४१.०२ टक्के आणि काँग्रेसला ४०.८९ टक्के मतं होती पण जागा १०९ विरुद्ध ११४ आल्या आणि सरकार काँग्रेसचं झालं. फरक असा की ते आमदार पाच वर्षं तिथे असतात, तुमच्या भागाचं काम बघतात, प्रश्न विचारतात, सरकार पाडूही शकतात (ते तर तिथे सव्वा वर्षात घडलंच). इलेक्टर डिसेंबरमध्ये एक दिवस आपापल्या राज्याच्या राजधानीत जमतात, सही करतात, संपलं. ते कोणाचे प्रतिनिधी म्हणून नंतर उरतच नाहीत, मग मतांचा आकडा आणि अध्यक्ष यांच्या मध्ये त्यांना उभं करून मिळवायचं काय?

आता माझ्या रोजच्या बघण्यातलं सांगते. न्यू जर्सीत राहत होते तेव्हा अध्यक्षीय निवडणुकीच्या मोसमात दारावर क्वचित कोणी यायचं. इथे बक्स काउंटीत सप्टेंबर लागला की पोस्टाच्या पेटीत रोज गुळगुळीत मोठी पत्रकं, दाराच्या मुठीला अडकवलेली कार्डं, टीव्ही लावला की जाहिरातच जाहिरात, फोनवर मेसेज वेगळेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच आठवड्यात कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला येऊन गेल्या आणि ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्राइज तळायला आले, दोन्ही ठिकाणं आमच्या काउंटीतली. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की काही मिनिटांत न्यू जर्सी, तिथे यातलं काहीच नाही. माणसं तीच, नोकऱ्या त्याच, टॅक्स-इन्शुरन्सच्या काळज्या त्याच. २०२४ ला सात राज्यांवर सगळं लक्ष होतं: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेव्हाडा. उरलेल्या त्रेचाळीस राज्यांतल्या लोकांनी देणगी द्यायची आणि बातम्या बघायच्या.

म्हणून छोट्या राज्यांचं रक्षण होतं हा युक्तिवाद मला पटत नाही. वायोमिंगला कोण जातं प्रचाराला? व्हरमाँटला? दोन्ही डाकोटांना? तिथला निकाल आधीच ठरलेला म्हणून कोणी फिरकत नाही. रक्षण होतं ते अटीतटीच्या राज्यांचं, ती छोटी असोत की मोठी. आणि दुसरा युक्तिवाद, की थेट मतदान झालं तर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच देश चालवतील, त्याचाही हिशोब करा: न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून देशाच्या पाच टक्क्यांच्या आत आहे. शिवाय कॅलिफोर्निया म्हणजे सगळे डेमोक्रॅट असं थोडंच आहे. २०२० मध्ये ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यातून मिळाली माहितीये? टेक्सासमधून नाही, कॅलिफोर्नियातून, ६० लाख. आणि त्या ६० लाख लोकांचा इलेक्टोरल कॉलेजमध्ये हिशोब शून्य.

तरी विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य केलं पाहिजे. सगळ्यात बळकट मुद्दा आहे मोजणीचा. २००० मध्ये फ्लोरिडाच्या फेरमोजणीवरून डिसेंबरपर्यंत रणकंदन झालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण निदान ते एका राज्यापुरतं होतं. थेट मतदानात देशभराचा फरक अगदी थोडा राहिला तर? १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्यात साधारण १ लाख १२ हजारांचाच फरक होता. मग पन्नास राज्यांत, हजारो काउंट्यांत फेरमोजणी करायची, प्रत्येक ठिकाणी वकील, प्रत्येक ठिकाणी कोर्ट. मी हे हसण्यावारी नेणार नाही, कारण एका केंद्राची मतमोजणी जुळवताना रात्री किती डोकं लागतं ते मला माहितीये. पण दुसरी बाजू अशी की गठ्ठा जेवढा मोठा तेवढी शेपाचशे मतांवर अडकण्याची शक्यता कमी. २०२० मध्ये बायडन देशभरात ७० लाखांनी पुढे होते, सरळ मोजणीत वादाला जागाच नव्हती, आणि इलेक्टोरल कॉलेजमध्ये ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली सुमारे ४३ हजारांची आघाडी पुसली गेली असती तर २६९-२६९ बरोबरी! मग प्रकरण हाउसकडे, तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या ५३ सदस्यांना मिळून एक आणि वायोमिंगच्या एका सदस्यालाही एक. तेव्हा जास्त राज्यांची शिष्टमंडळं रिपब्लिकनांकडे, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाकडे होती. ७० लाख मतांनी मागे असलेला उमेदवार त्या दाराने आत आला असता. वाद आटोक्यात ठेवणारी पद्धत हिला कसं म्हणायचं? आणि हे एका पक्षाचं दुखणं नाही, २००४ मध्ये बुश ३० लाखांनी पुढे होते तरी ओहायोत साठेक हजार लोकांनी मन बदललं असतं तर जॉन केरी अध्यक्ष झाले असते. २०२४ ला ट्रम्प दोन्ही हिशोबांनी जिंकले म्हणून सध्या आरडाओरडा कमी आहे, पण यंत्र तेच आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तिकडे येते, कारण माझा थेट मतदानाला पाठिंबा इथे अटींसकट आहे. आज अमेरिकेत अध्यक्षपदाची एक निवडणूक होतच नाही, ५१ वेगवेगळ्या निवडणुका होतात, प्रत्येकीचे नियम वेगळे. एक उदाहरण देते. पेनसिल्व्हेनियात टपालाने मत दिलं तर मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या पाकिटात आणि मग ते पाकीट बाहेरच्या पाकिटात घालायचं, बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर ते मत मोजत नाहीत, इथे त्याला नेकेड बॅलट म्हणतात. निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलासमोर घाबरलेल्या आज्या येतात, काउंटीकडून मेसेज आलाय की तुमचं पाकीट चुकलं, आता काय करू. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मतदारांचं प्रोव्हिजनल मत (तात्पुरतं घेऊन, तपासून नंतर मोजायचं मत) मोजायला सांगितलं, म्हणून आम्ही त्यांना बसवून ते भरून घेतो. नुसती मतपत्रिका टाकायची राहिली असेल आणि ती पाकिटासकट सोबत आणली असेल तर ती आमच्याकडे जमा करून तिथेच नेहमीसारखं मत देता येतं. हे सगळं आमच्या राज्यातलं. बऱ्याच राज्यांत हे आतल्या पाकिटाचं बंधनच नाही, म्हणजे तीच आजी दुसऱ्या राज्यात असती तर तिचं मत काही न करता धरलं गेलं असतं.

असंच वेळेचं. आमच्याकडे टपाली मत निवडणुकीच्या रात्री आठपर्यंत हातात पडायला हवं, कॅलिफोर्नियात २०२४ ला पोस्टाचा शिक्का त्या दिवसापर्यंतचा असला तर आठवडाभर उशिरा आलेलंही धरलं. आमच्याकडे टपाली पाकिटं निवडणुकीच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायची परवानगी नाही, म्हणून २०२० मध्ये मंगळवारच्या मतदानाचं चित्र शनिवारी स्पष्ट झालं आणि त्या चार दिवसांत नको त्या अफवा पसरल्या. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो, बाकी बऱ्याच ठिकाणी शिक्षा झालेल्याचा हक्क जातो. आज हे चालून जातं कारण प्रत्येक राज्याचा गठ्ठा वेगळा आहे. उद्या सगळी मतं एकाच रांजणात ओतायची म्हटलं तर एका राज्याचा ढिला किंवा कडक नियम दुसऱ्या राज्यातल्या मतदाराचं वजन बदलणार, एखादं राज्य उद्या मतदानाचं वय १६ करून आपला आकडा फुगवूही शकेल. तेव्हा थेट मतदान म्हणजे आधी मतदार कोण, पाकीट कधीपर्यंत, फेरमोजणी केव्हा, याचे देशभर एकसारखे नियम, आणि ते राबवणारी, कोणत्याही पक्षाच्या ताब्यात नसलेली यंत्रणा. भारतात निवडणूक आयोग असल्यामुळे आपल्याला हे गृहीत धरायची सवय आहे, इथे तसं काही नाही, मोजणी काउंटीची, प्रमाणपत्र राज्याचं.

दुसरी अट दुसऱ्या फेरीची. नुसतं ज्याला सर्वात जास्त तो विजयी म्हटलं तर चार-पाच उमेदवारांत ३५ टक्केवालाही अध्यक्ष होईल. लिंकन १८६० मध्ये ४० टक्क्यांच्या आतच होते, बिल क्लिंटन १९९२ मध्ये ४३ टक्के. फ्रान्सचं उदाहरण मला इथे सगळ्यात उपयोगी वाटतं. १९५८ मध्ये द गॉल यांना तिथल्या ८० हजारांच्या आसपास लोकप्रतिनिधींच्या निर्वाचकगणाने निवडलं, मग १९६२ मध्ये जनमत घेऊन ती पद्धत मोडली आणि १९६५ पासून थेट मतदान, कोणाला निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. अर्जेंटिनानेही १९९४ मध्ये इलेक्टोरल कॉलेज सोडलं, तिथे पहिल्या फेरीत ४५ टक्के, किंवा ४० टक्के आणि दहा टक्क्यांची आघाडी असेल तर थेट विजय, नाहीतर पुन्हा मतदान. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा मतदान घेणं खर्चाचं आहे, त्याऐवजी मेनसारखं पसंतीक्रमाने एकाच वेळी मत घेता येईल, मला स्वतःला तेच जास्त बरं वाटतं कारण इथे मंगळवारी कामावर सुट्टी काढून रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा बोलावणं सोपं नाही.

मधला मार्ग म्हणून लोक सुचवतात की सगळीकडे नेब्रास्कासारखं मतदारसंघवार करा. कृपा करून हे नको. २०१२ मध्ये ओबामा सुमारे ५० लाखांनी पुढे होते, पण रॉम्नी २२६ मतदारसंघांत पुढे होते आणि २४ राज्यं त्यांच्याकडे होती, मतदारसंघवार हिशोब केला तर २७४ विरुद्ध २६४ ने रॉम्नी जिंकतात. मतदारसंघाच्या रेषा विधिमंडळातले पक्ष आपल्या सोयीने आखतात, तो रोग अध्यक्षपदापर्यंत नेऊन ठेवायचा हा उपाय नाही.

मग बदल होईल कसा? घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात. एकदा अगदी जवळ पोचले होते, १९६९ मध्ये हाउसने थेट निवडणुकीचा प्रस्ताव ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर केला, पुढच्या वर्षी सेनेटमध्ये मुख्यतः दक्षिणेच्या सेनेटरांनी तो अडवून धरला आणि चर्चा संपवायला लागणारी मतं जमली नाहीत. दुसरा रस्ता राज्यांच्या कराराचा: ज्या राज्यांनी सही केली ती आपले इलेक्टर देशभरात पुढे असलेल्या उमेदवाराला देणार, पण सह्या करणाऱ्यांचे मिळून २७० झाल्यावरच करार लागू. २०२४ मध्ये मेन आल्यावर आकडा २०९ झाला. मला हेतू पटतो, पण यात वर म्हटलेल्या दोन्ही अटी नाहीत, ना एकसारखे नियम ना दुसरी फेरी, सही करणारी राज्यं जवळपास सगळी डेमोक्रॅटिक, आणि काँग्रेसची संमती लागते का यावर कोर्टात नक्की भांडण होणार. समजा करारामुळे एखाद्या राज्याला स्वतःच्या मतदारांनी हरवलेल्या उमेदवाराला इलेक्टर द्यायची वेळ आली, तिथलं विधिमंडळ त्या रात्री शब्द पाळेल का? करारात निवडणुकीच्या तोंडावर माघार घ्यायला बंदी आहे, पण ती कागदावर. म्हणून माझी पसंती घटनादुरुस्तीलाच, उशीर लागला तरी, आणि करार हा त्यासाठी दबाव म्हणून चालेल.

आता मामांचं. अध्यक्षपदाच्या निकालापुरतं आज ते फारसे चुकत नाहीत, पण न्यू जर्सी कायमची ठरलेली आहे असंही समजू नये, २०२० मध्ये बायडन तिथे १६ टक्क्यांनी जिंकले आणि २०२४ मध्ये हॅरिस यांची आघाडी सहा टक्क्यांपर्यंत खाली आली. फ्लोरिडा २००० मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आज तिथे कोणी प्रचाराला जात नाही. त्याच मतपत्रिकेवर हाउसचा सदस्य असतो, काउंटीचे कमिशनर असतात, बऱ्याच गावांत शाळेच्या बोर्डाची निवडणूकही तेव्हाच असते, तिथे शेदोनशे मतांनी निकाल फिरतात आणि त्या बोर्डावर त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा हिस्सा अवलंबून असतो. आणि तुमच्या ओळखीत कोणी अमेरिकन नागरिक पुण्याला किंवा नाशिकला परत आलेले असतील तर त्यांना सांगा की त्यांनाही मत देता येतं, पण ते मोजलं जातं अमेरिकेतल्या शेवटच्या पत्त्याच्या राज्यात. शेवटचं घर पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला असेल तर उमेदवार त्या मतामागे धावतो आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला असेल तर विचारत नाही. न्यू जर्सीने त्या करारावर २००८ मध्येच सही केलीय, पेनसिल्व्हेनियाने अजून केलेली नाही. आमच्या विधिमंडळातल्या लोकांपुढे कुठे विषय निघाला तर ते म्हणतात की आपलं महत्त्व आपण का घालवायचं. मी त्यांना सांगते की मला हे जादा महत्त्व नको, माझं मत नदीपलीकडच्या माणसाच्या मताएवढंच धरा, आणि त्यासाठी लागणारे नियम आधी नीट लिहा.